मंदीच्या दिवसांत डाय बदलताना

२०१९ मध्ये वाहनांची मागणी घसरली आणि १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराचे बीएस-६ निकष लागू होणार असल्याने जुन्या गाड्यांचा साठा वाढू न देण्याची काळजी वाहन कंपन्या घेऊ लागल्या, तेव्हा त्याची झळ नाशिकच्या सातपूर-अंबड परिसरातील सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांना लगेच बसली. मी अंबडच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, नुकताच उत्पादन अभियंता म्हणून लागलो होतो.

व्यवस्थापनाने सूचना पेटी लावली. महिनाभरात तीन चिठ्ठ्या आल्या आणि त्यांपैकी दोन चहाविषयी होत्या. ठेकेदाराचे हेल्पर आधीच कमी झालेले असताना, एखादे काम निम्म्या वेळात होते असे सांगणे म्हणजे शेजारच्या माणसाच्या पोटावर पाय देणे, हा हिशेब सर्वांना कळत होता. सुचवलेल्या सुधारणेमुळे कोणालाही काढले जाणार नाही, असे मालकांनी फळ्यावर स्वतःच्या सहीने लिहिल्यानंतरच लोक बोलू लागले.

मंदीत ऑर्डर नुसती घटत नाही, तिचे लहान लहान लॉट होतात. त्यामुळे डाय, म्हणजे भागाला आकार देणारा प्रेसमधला साचा, वारंवार बदलावी लागते आणि ती बसवून जुळवण्याचा, म्हणजे सेटिंगचा, वेळ अधिक जाचतो. मशीन चालू असताना उरकता येणारी कामे आणि ते थांबवूनच करावी लागणारी कामे वेगळी करावीत, हे जपानी उत्पादन-तज्ज्ञ शिगेओ शिंगो यांचे तत्त्व मी पुस्तकात वाचले होते, परंतु आमची खरी अडचण डाय बसवणाऱ्या सेटर मामांनी दाखवली. प्रत्येक डायची उंची निराळी असल्याने दर वेळी पॅकिंग (उंची भरून काढणाऱ्या पट्ट्या) शोधून रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) नव्याने जुळवावा लागे. ‘साहेब, पट्ट्या डायलाच कायमच्या बसवा, सगळ्यांची उंची एक होईल,’ ते म्हणाले. पहिल्याच डायला पट्टी तिरकी बसली, भागांना बर (कडेला राहणारी धारदार किनार) आली आणि आख्खा लॉट स्क्रॅपमध्ये गेला. मालक चिडले नाहीत, हे आमचे नशीब. ते त्या दिवशी ओरडले असते तर दुसरी पट्टी कोणी बसवलीच नसती. पुढे पट्ट्या ग्राइंड करून बसवल्या आणि दीड तासाची सेटिंग पाऊण तासावर आली.

नव्याने रुजू होणाऱ्यांनी प्रेस बंद असलेले दिवस अशा प्रयोगांसाठी मागून घ्यावेत, कारण तेजीत मशीन कोणी हाती लागू देत नाही. स्टॉपवॉच काढण्यापूर्वी मात्र सेटरला विचारावे. मी विचारले नव्हते, आणि मामा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.