अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये रक्त पातळ करणारे औषध निवडताना : या चुका टाळा

अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये रोगप्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते आणि शिरांप्रमाणेच रोहिण्यांतही गुठळ्या होऊ लागतात. आमच्या किनारपट्टीवर हे रुग्ण बहुधा सुजलेला पाय किंवा वारंवारच्या गर्भपातांचा इतिहास घेऊन येतात, आणि निदान पक्के होण्याआधीच त्यांना कोणती ना कोणती गोळी सुरू झालेली असते. ही गोळी निवडण्यातल्या चुका वर्षानुवर्षे त्याच आहेत.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आयएनआरची (रक्त किती पातळ झाले हे दाखवणाऱ्या तपासणीची) कटकट नको म्हणून, ती तपासणी न लागणाऱ्या रिव्हारोक्साबॅन किंवा एपिक्साबॅन या नव्या गोळ्या देणे. पायाच्या शिरेतील साध्या गुठळीसाठी या गोळ्या उत्तम आहेत, याविषयी वाद नाही. परंतु लुपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-टू ग्लायकोप्रोटीन-वन या, हा आजार ओळखण्याच्या तिन्ही रक्ततपासण्या पॉझिटिव्ह असतील, किंवा गुठळी रोहिणीत झालेली असेल, तर त्या देऊ नयेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील ट्रॅप्स या अभ्यासात तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असलेले १२० रुग्ण होते. रिव्हारोक्साबॅन घेणाऱ्या ५९ जणांपैकी ७ जणांना पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आला, वॉरफरिन ही आयएनआर पाहून द्यायची जुनी गोळी घेणाऱ्या ६१ जणांपैकी एकालाही नाही, आणि अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. एपिक्साबॅनच्या २०२२ च्या छोट्या अभ्यासातही २३ पैकी ६ जणांना पक्षाघात झाला, तर वॉरफरिनच्या २५ जणांत एकालाही झाला नाही. हे आकडे माहीत असूनही ‘माझ्या रुग्णाला चालेल’ म्हणणारे भेटतात.

खाडीपलीकडच्या एका गावातील तिशीतली स्त्री आठवते. तिचे गर्भपात झाले होते, पायात गुठळी होऊन गेली होती, तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह होत्या आणि ॲसिट्रॉमवर (वॉरफरिनच्याच जातीच्या गोळीवर) आयएनआर उत्तम राहत होता. पावसात होडी आणि एसटी गाठून तालुक्याला यायचे तिचे हाल पाहून एका डॉक्टरांनी सद्‌हेतूनेच तिला रिव्हारोक्साबॅनवर नेले. चतुर्थीच्या सकाळी मोदकाच्या कळ्या पाडताना तिची उजवी बोटे वळेनात, मग बोलणे अडखळू लागले. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटलेला दिसला. नवऱ्याने औषधाची रिकामी पाकिटे माझ्यापुढे मांडली. एकही गोळी चुकलेली नव्हती. चुकली होती ती निवड. ती पुन्हा ॲसिट्रॉमवर आहे, हातही बराच सुधारला आहे, पण बोटांत पूर्वीची सफाई उरलेली नाही.

आयएनआरसाठी येणे अवघड असेल, तर औषध तेच ठेवून येण्याची सोय बदलावी, असे माझे मत आहे. मी आठवडा बाजाराचा दिवस, एकच प्रयोगशाळा आणि एक वही ठरवून देतो. आयएनआर दोन ते तीनमध्ये स्थिरावला की तपासण्यांतील अंतर वाढवता येते. एकच तपासणी पॉझिटिव्ह आहे, गुठळी केवळ शिरेतली आहे आणि वॉरफरिन खरोखरच सोसत नाही, अशा रुग्णापुरता नव्या गोळ्यांचा विचार होऊ शकतो, पण तोही तज्ज्ञांना विचारून.

दुसरी चूक औषधाच्या आधीची आहे. हेपॅरिनचे रक्त पातळ करणारे इंजेक्शन किंवा रिव्हारोक्साबॅन सुरू झाल्यावर लुपस अँटिकोॲग्युलंटसाठी रक्त पाठवले, तर निकाल खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि त्या कागदावर रुग्णाला जन्मभराचा शिक्का बसतो. रक्त पहिल्या इंजेक्शनपूर्वी घ्यावे. ते जमले नाही तर औषधाचे नाव अर्जावर ठळक लिहावे. सायट्रेटची निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरलेली हवी, आणि यंत्रात दोनदा फिरवून वेगळा केलेला प्लाझ्मा (रक्तातील द्रव) गोठवूनच पुढे जायला हवा. रात्रीच्या बसच्या चालकाकडे सोपवलेल्या अर्ध्या नळीवर मी तरी विश्वास ठेवत नाही. पहिला निकाल पॉझिटिव्ह आला तरी किमान १२ आठवड्यांनी तपासणी पुन्हा केल्याशिवाय निदान पक्के मानू नये.

बोटाला टोचून आयएनआर दाखवणारे यंत्र या आजारात खोटा जास्त आकडा दाखवू शकते, म्हणून तो शिरेतील रक्तावर पडताळावा. हेपॅरिनचा डोस एपीटीटीवर (रक्त गोठण्याचा वेळ मोजणाऱ्या तपासणीवर) ठरवू नये, कारण ती मुळातच लांबलेली असू शकते. ॲसिट्रॉम सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी हेपॅरिन बंद करण्याची घाई नको. किमान पाच दिवस, आणि आयएनआर दोनच्या वर २४ तास टिकेपर्यंत, दोन्ही चालू ठेवावीत. गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीला पाळी चुकताच कळवायला सांगावे, म्हणजे सहाव्या आठवड्यापूर्वी ॲसिट्रॉम थांबवून हेपॅरिनची इंजेक्शने आणि कमी मात्रेतील ॲस्पिरिन सुरू करता येते. मेट्रोनिडॅझोल आणि कोट्रायमोक्साझोल ही जंतुसंसर्गावरील औषधे आयएनआर वाढवतात, तर क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन तो पार खाली आणते. श्रावणात मासळी बंद होऊन शेवग्याचा पाला आणि अळू रोज ताटात आले की आयएनआर उतरू शकतो. पालेभाजी बंद करू नये, प्रमाण वर्षभर सारखे ठेवावे. दात काढायचा म्हणून गोळी परस्पर आठवडाभर थांबवली जाते, तेही नको. दंतवैद्याने उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी फोन करावा आणि त्याच आठवड्यातील आयएनआर पाहून तारीख ठरवावी.