गावाची सामायिक गाडी: आधी फेऱ्या, मग गाडी

गावाने मिळून गाडी चालवायचं ठरलं की चर्चा हटकून गाडीवरच सुरू होते: कोणती घ्यायची, विजेची की डिझेलची? हा प्रश्न शेवटी घ्या. गाडी बदलून जितका धूर कमी होतो, त्याहून जास्त कमी होतो तो गाडीतल्या जागा भरून. आणि वेळापत्रक लोकांच्या कामाला जुळलं तरच जागा भरतात.

हिशेब असा आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, डिझेलचा सुमारे २.७ किलो. लिटरला ५० किलोमीटर जाणारी दुचाकी किलोमीटरमागे साधारण ४६ ग्रॅम सोडते, लिटरला १५ जाणारी पेट्रोल कार दीडशेच्या आसपास, तर लिटरला १० जाणारी आठ जागांची डिझेल व्हॅन २७०. म्हणजे एकेकटे कार काढणारे दोघे जरी व्हॅनमध्ये बसले तरी फायदा सुरू होतो. दुचाकी घरी ठेवून येणारे असतील, तर सहा जण हवेत, तेही जाताना-येताना दोन्ही वेळा. व्हॅन एका बाजूने रिकामी परतली तर हाच आकडा बारावर जातो, आणि आठ जागांच्या गाडीत बारा जण मावतच नाहीत. कार्बन वाचवायचा तर रिकामी धाव आधी कमी करा.

पायी जाणारे किंवा जाणंच टाळणारे या गणितात दिसत नाहीत. गाडीची गरज सर्वांत जास्त त्यांनाच असते, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवा आणि कार्बनच्या आकड्यात त्यांना ओढू नका.

मोजणी

सलग सात दिवसांची घरोघर नोंद घ्या. ‘गाडी सुरू केली तर याल का?’ हा प्रश्न विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. काल कुठे गेलात, कशाने, किती वाजता पोहोचायचं होतं, परत कधी निघालात, आणि वाहन नाही म्हणून कोणतं जाणं रद्द केलं, एवढंच विचारा. घरातल्या बायका, म्हातारी माणसं आणि शिकणारी मुलं यांच्याशी प्रत्येकाशी स्वतंत्र बोला. रद्द झालेल्या फेऱ्या घरातला कर्ता माणूस सांगत नाही, कारण त्याला त्या ठाऊकच नसतात.

मग न हलणाऱ्या वेळा शोधा: दवाखान्याची वेळ, शाळेची घंटा, मोठ्या रस्त्यावरून जाणारी बस किंवा गाठायची रेल्वे. वेळापत्रक त्यांच्यापासून उलटं मोजत आखा.

समजा अंतर १५ किलोमीटर आहे. ताशी ३० च्या सरासरीने ३० मिनिटं, आठ थांब्यांची आठ मिनिटं, उशिराला वाव म्हणून आणखी चार. एकूण ४२ होतात, ४५ धरा. दोन्ही बाजू आणि मधला दहा मिनिटांचा थांबा मिळून एक तास चाळीस मिनिटं. म्हणजे एकाच गाडीवर ‘दर तासाला फेरी’ जमत नाही, दर दोन तासांनी जमते. जे जमतं तेच जाहीर करा. चाकाची खुर्ची चढवायची असेल तर त्या थांब्याला पाच मिनिटं द्या. वस्त्यावस्त्यांतून वळसे घालणारा मार्ग कागदावर सर्वांना खूश करतो, पण प्रत्येक वळशाने आधीच बसलेल्यांचा वेळ जातो आणि ते पुन्हा आपापल्या वाहनाकडे वळतात. आडबाजूच्या वस्तीसाठी आदल्या संध्याकाळपर्यंत फोनवर नोंदणी घ्या. नोंद नसेल तर तिकडे वळूच नका.

सर्वांत जपायची ती परतीची शेवटची फेरी. सकाळी गाडी चुकली तर माणूस घरी राहतो, संध्याकाळी चुकली तर तो परक्या ठिकाणी अडकतो आणि पुन्हा या गाडीवर विसंबत नाही. पहिले तीन महिने वेळा बदलू नका.

गाडी आणि चालक

अनेक देशांत चालकाव्यतिरिक्त आठ जागांपर्यंतची गाडी साध्या कारच्या परवान्यावर चालवता येते. नेदरलँड्समधली ‘बुर्टबस’ आणि जर्मनीतली ‘ब्युर्गरबस’ या स्वयंसेवकांनी चालवलेल्या सेवा त्यामुळेच आठ जागांच्या गाड्यांवर उभ्या राहिल्या. मात्र भाडं घेतलं की खासगी वापराचा विमा सहसा लागू होत नाही. प्रवासी वाहतुकीची परवानगी आणि तसा विमा हातात येईपर्यंत एक पैसाही भाडं घेऊ नका.

रोजच्या एका पाळीला किमान पाच चालक हवेत, आणि पाळ्यांचा तक्ता दोन आठवडे आधी लागलेला हवा. दोघांवर काम ढकललं की दोघेही थकून सोडून जातात.

विजेची व्हॅन घ्यायची तर किलोमीटरला पाव युनिट धरा. रोजच्या १०० किलोमीटरना २५ युनिट होतात, चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर २८-२९. थंडी, चढ आणि बॅटरीचं वय यांमुळे पल्ला घटतो, म्हणून सर्वांत जड दिवसाची गरज बॅटरीच्या क्षमतेच्या साठ टक्क्यांत बसली पाहिजे. इथे ती क्षमता किमान ४२ युनिट येते. ३.३ किलोवॉटच्या चार्जरला सुमारे नऊ तास लागतात, ७ किलोवॉटच्याला चार. चार्जरसाठी स्वतंत्र वायर, स्वतंत्र ब्रेकर आणि चांगलं अर्थिंग लागतंच. अर्थिंग कच्चं असलं की बहुतेक चार्जर सुरूच होत नाहीत, आणि एक्स्टेंशन बोर्डावर तासन्‌तास भार दिला की प्लग वितळतो. गाव वीजवाहिनीच्या टोकाला असेल तर संध्याकाळी विजेचा दाब (व्होल्टेज) पडून चार्जर मध्येच बंद होतो. अशा ठिकाणी मध्यरात्रीनंतरची वेळ लावा.

वीज मुख्यतः कोळशाची असेल तर युनिटमागे सुमारे ०.८ किलो कार्बन डायऑक्साइड धरून, मीटरवरच्या युनिटांच्या हिशेबाने किलोमीटरला सुमारे २३० ग्रॅम येतात. डिझेलपेक्षा कमी, पण शून्य नव्हे. इमारतीच्या छतावरचं सौर पॅनेल खरा फरक पाडतं, पण ऊन असतं तेव्हा गाडी रस्त्यावर असते. म्हणून दुपारचा लांब थांबा पॅनेलपाशीच ठेवा.

गाडीतल्या वहीत प्रत्येक फेरीचे पाच आकडे लिहा: चढलेली माणसं, भरलेले किलोमीटर, रिकामे किलोमीटर, उशिराची मिनिटं, आणि इंधन किंवा युनिट. टायर आणि बॅटरीसाठी दर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाका, आणि गाडी बंद पडली तर संध्याकाळची फेरी कोण करणार ते सेवा सुरू करण्याआधीच लेखी ठरवा.