पाडव्याला रोड बाइक देताय? या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी दिवाळी पाडव्याला मी नवऱ्याला ओवाळलं, तेव्हा त्याने तबकात एक किल्ली टाकली. सायकलच्या कुलपाची. खाली पार्किंगमध्ये झेंडूचा हार घातलेली काळीशार रोड बाइक, म्हणजे बारीक टायरची आणि खाली वळलेल्या हँडलची सायकल, उभी होती. डोळ्यांत पाणीच आलं. आठवड्याभराने पुन्हा आलं, पण ते मानेच्या दुखण्याने. माझी उंची पाच फूट एक इंच आणि सायकल 54 साइजची (हे फ्रेमचं माप, सेंटीमीटरमध्ये). दुकानात चालवून कुणी बघितली होती? त्याने. तो पाच फूट नऊ.

साडी कुणीही कुणाची नेसावी, ब्लाउज मात्र ज्याचा त्यालाच. रोड बाइक म्हणजे ब्लाउज.

त्यामुळे पहिली चूक अंदाजाने साइज घेण्याची. काहीजण तिची जीन्स गुपचूप मोजतात. तेही नको, जीन्सची आतली शिवण खऱ्या मापापेक्षा बरीच कमी भरते. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, एक जाडजूड पुस्तक दोन पायांच्या मध्ये सॅडलसारखं, म्हणजे सायकलच्या सीटसारखं, वर दाबायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून फरशीपर्यंत टेप लावायचा. हे माप आणि उंची घेऊन त्या कंपनीचाच साइज चार्ट बघा, कारण एका कंपनीची 52 दुसऱ्या कंपनीच्या 52 सारखी असेलच असं नाही. आता हे सगळं झोपेत मोजता येत नाही, म्हणून सरप्राइजचा हट्ट सोडा. पाडव्याला हेल्मेट द्या आणि सायकल घ्यायला दोघं मिळून जा.

सायकल आधीच घरी आली असेल तर? हातांना मुंग्या येत असतील, मान आणि खांदे भरून येत असतील, तर हँडल लांब पडतंय. 100 मिमीचा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा आडवा तुकडा) काढून 70 किंवा 80 चा लावला की एका साइजची चूक बऱ्यापैकी झाकली जाते. दोन साइजची नाही, माझ्या बाबतीत तेच झालं. सॅडल पुढे ओढून हँडल जवळ आणायचा मोह होतो, पण मग गुडघे कुरकुरतात. गुडघा पुढून दुखला तर सॅडल बहुतेक खाली आहे, पॅडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर वर आहे. ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटं पोचत नसतील तर बहुतेक लिव्हरमध्ये एक बारीक स्क्रू असतो, त्याने लिव्हर जवळ येतो. दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

गिअरकडे बघताना पुण्याचे चढ डोळ्यांसमोर ठेवा. आज ती खडकवासल्यापर्यंत जाईल, पण दोन महिन्यांत ग्रुपमधलं कुणीतरी सिंहगड, बोपदेव नाहीतर कात्रजचा जुना घाट काढणारच. पुढे 50 आणि 34 दातांच्या दोन चकत्या आणि मागे 32 किंवा 34 दातांपर्यंत जाणारी कॅसेट (मागच्या चकत्यांचा गठ्ठा) असेल तर नवखा माणूसही बसल्या बसल्या चढतो. शिमानोचा आठ स्पीडचा क्लॅरिस ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकचा संच, सुरुवातीला भरपूर झाला. गिअर किती यापेक्षा सगळ्यात हलका गिअर कोणता, हे विचारा.

टायर किमान 28 मिमीचे हवेत, 32 बसत असतील तर उत्तमच. आपले स्पीडब्रेकर आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक बारीक टायरला दाद देत नाहीत. ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडल्या तर दोष खिळ्याचा नसतो. हवा कमी होती आणि ट्यूब खड्ड्यात रिमखाली चिमटली. आता गंमत अशी की बऱ्याच रोड बाइकच्या ट्यूबला प्रेस्टा व्हॉल्व्ह, म्हणजे नेहमीपेक्षा बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह, असतो. आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने तो बघून विचारलं, “मॅडम, हे कुठून आणलंत?” त्याचं नोझल बसेना. पितळेचा छोटा अडॅप्टर आणि गेज असलेला उभा पंप सायकलबरोबरच घ्या.

म्हणजेच सगळं बजेट सायकलवर उडवू नका. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, कुलूप, पंप, जादा ट्यूब, पॅडिंगची शॉर्ट आणि पावसाळ्यासाठी मडगार्ड मिळून आकडा चांगलाच फुगतो. बूट अडकवायची क्लिपवाली पॅडल मात्र भेटीत नकोत. सिग्नलला पाय वेळेवर सुटला नाही की माणूस उभ्या उभ्या आडवा होतो.

ऑनलाइन खोक्यातून मागवत असाल तर जुळणी मेकॅनिककडून करून घ्या. फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) उलटा बसवून आनंदात फिरणारे लोक मी नदीपात्रातल्या रस्त्यावर पाहिलेत. आणि महिन्याभरात गिअर खडखडायला लागले तर घाबरू नका. नव्या केबल थोड्या सैलावतात. चेन मागच्या मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरत असेल, तर मागच्या डिरेलरपाशी (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) केबल शिरते तिथला गोल नट घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळसा फिरवा, पॅडल मारून बघा, लागलंच तर आणखी पाव.