चुकलेले नाणे कसे पारखावे

निर्दोष नाण्यापेक्षा चुकलेले नाणे संग्राहकाला अधिक प्रिय का वाटते, असा प्रश्न नव्याने छंद लागलेल्या माणसाला पडतोच. त्याचे थोडे उत्तर दुर्मीळपणात आहे, पण बरेचसे टाकसाळीच्या कामात आहे. चांगले पडलेले नाणे आपल्या घडणीविषयी काही बोलत नाही. चुकलेले नाणे मात्र चकती (छाप पडण्याआधीचा धातूचा कोरा गोल तुकडा) कापताना, तिची कड उचलताना, ठसा घडवताना किंवा छाप मारताना काय बिघडले, याची खूण अंगावर घेऊन बाहेर पडते. म्हणून हाती आलेल्या प्रत्येक विचित्र नाण्याला एकच प्रश्न विचारावा: ही खूण टाकसाळीतल्या कोणत्या टप्प्यावर उमटली असेल? त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले तर नाणे पुढे तपासण्याजोगे आहे. न मिळाल्यास ती इजा टाकसाळीबाहेर झाली आहे असेच धरून चालावे.

प्रारंभी प्रकारभेद आणि चूक यांतला फरक समजून घेणे आवश्यक आहे. ठशातच असलेला फरक त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर उतरतो. तो प्रकारभेद, म्हणजे संग्राहकांच्या बोलण्यातली व्हरायटी. चूक बहुधा एखाद्या नाण्यापुरती किंवा मोजक्या नाण्यांपुरती असते. व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा रुपया प्रकारभेदांच्या अभ्यासासाठी सर्वांत समृद्ध आहे, असे माझे मत आहे. या रुपयावरचे साल १८७४ मध्ये बदलले, तोपर्यंत दरवर्षी १८६२ हेच साल घालून तो पाडला जात होता, आणि मुंबई टाकसाळीने वर्षांचा हिशेब राखण्यासाठी मागील बाजूस बारीक ठिपके वाढवत नेले, असे अभ्यासक मानतात. त्यामुळे दुरून सारखेच दिसणारे दोन रुपये भिंगाखाली वेगवेगळ्या वर्षांचे ठरतात. राणीच्या चित्राचे आणि मागच्या नक्षीचेही उपप्रकार असल्याने, त्यांच्या जोड्या लावत बसलेला संग्राहक एकाच सालाच्या नाण्यात वर्षानुवर्षे गुंतून राहतो.

काही प्रकारभेदांना त्यांच्यामागच्या घटनेमुळे मोल येते. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील साखळीत एक इवलासा हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली की तो डुकरासारखा दिसतो, अशी तक्रार झाली आणि लोकांनी, विशेषतः मुसलमानांनी, त्यावर आक्षेप घेतला. पाडलेल्या सुमारे ९४ लाख नाण्यांपैकी केवळ सुमारे ७ लाख चलनात आली, उरलेली वितळवण्यात आली आणि १९१२ पासून लांब सोंडेचा, स्पष्ट हत्ती आला. हा ‘पिग रुपी’ ओळखण्यासाठी हत्ती झिजलेला असला तरी अडत नाही, कारण १९११ हे सालच पुरेसे आहे. पण ज्या नाण्यावर ती आखूड सोंड अजून शाबूत आहे, त्याच्यासाठी संग्राहक आनंदाने जास्त किंमत मोजतात.

हातपाडीच्या नाण्यांना यंत्राच्या नाण्यांचे नियम लावू नयेत. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असते. तिचे ठसे हाताने कोरलेले असल्यामुळे अक्षरांचे वळण, ऱ्हस्वदीर्घ आणि ओळींची मांडणी यांचे असंख्य भेद सापडतात, आणि शिवराईचे संग्राहक तेच शोधत असतात. मात्र छाप एका बाजूला सरकलेली आहे किंवा एखादे अक्षर चकतीबाहेर गेले आहे, एवढ्यावरून कोणी ‘एरर’ म्हणून जादा पैसे मागितले तर ते देऊ नयेत, कारण ठशाहून चकती लहान असणे हे त्या काळी नेहमीचेच होते.

घरच्या घरी सुरुवात करायची असल्यास सुट्या पैशांचा डबा पुरे. नाण्यावरील सालाच्या खाली पाहावे: मुंबई टाकसाळीचा चौकटच्या आकाराचा हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची काहीच खूण नाही. सालाखाली ‘एच’ अक्षर असलेला १९८५ चा रुपया मिळाला तर तो बर्मिंगहॅममध्ये पाडलेला असतो. डोळा सरावण्यासाठी याहून चांगला अभ्यास नाही.

आता चुकांकडे वळू. त्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा वजनकाटा आणि एक साधे चुंबक लागते. पहिला टप्पा चकतीचा. पत्र्यातून चकत्या कापताना यंत्र आधीच्या भोकावर आले की चकतीचा चंद्रकोरीसारखा तुकडा जातो. कानस घासून तसा आकार सहज करता येतो, म्हणून कापलेल्या भागाच्या बरोबर समोरची कड पाहावी. अपुऱ्या चकतीची कड उचलताना समोरच्या बाजूला पुरेसा दाब मिळत नाही, त्यामुळे खऱ्या नाण्यात तिथली कड बहुधा बसकी आणि अस्पष्ट असते. घासलेल्या नाण्यात ती ठसठशीत राहते. परक्या धातूची किंवा दुसऱ्या मूल्याची चकती वापरली गेली असेल तर वजन आणि चुंबक ते सांगतात. २०११ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत रुपया ३.७९ ग्रॅम, दोन रुपये ४.८५ ग्रॅम, पाच रुपये ६ ग्रॅम आणि दहा रुपये ७.७१ ग्रॅम भरतात. येथे एक खाचखळगा ध्यानात ठेवावा: १९९२ पासूनचा जुना स्टीलचा रुपयाही ४.८५ ग्रॅम वजनाचा आणि २५ मिलिमीटर व्यासाचा आहे, म्हणजे हुबेहूब या मालिकेतल्या दोन रुपयांएवढा, आणि या जोडीपुढे काट्याचा काहीच उपयोग होत नाही.

दुसरा टप्पा ठशाचा, आणि इथला एक नियम पाठ करून ठेवावा: ठशाची जखम नाण्यावर उंच येते, नाण्याची जखम खोल जाते. माझ्या संग्रहातील एका रुपयावर कडेपासून निघून सालाच्या शेवटच्या अंकाला भिडणारी केसासारखी रेघ आहे. प्रकाश तिरपा धरला की तिची सावली एका बाजूला पडते, आणि नखाला ती उंचवट्यासारखी लागते. ठशाला तडा गेला, त्या फटीत धातू शिरला, म्हणून ती रेघ उंच उमटली. तशीच रेघ खोलगट असती तर तो केवळ ओरखडा ठरला असता. ठशाच्या खोबणीत वंगण भरल्यामुळे एखादे अक्षर गायब होणे हीसुद्धा ठशाच्याच टप्प्यावरची चूक आहे, पण ती फार सामान्य असल्याने तिला किंमत बेताचीच येते.

तिसरा टप्पा छाप मारण्याचा, आणि संग्राहकांचा जीव सर्वाधिक अडकतो तो इथे. आपल्याकडच्या बाजारात ज्याला ‘लाखी’ म्हणतात, तो प्रकार असा घडतो: पाडलेले नाणे ठशाला चिकटून राहते, त्याखाली नवी चकती येते, आणि तिच्या एका बाजूस नेहमीची छाप, तर दुसऱ्या बाजूस त्याच छापेची उलटी, खोल प्रतिमा उमटते. दोन नाणी शिकंजात दाबून बनावट लाखी करणारे लोक आहेत. अशा नाण्यावर खोल प्रतिमेखाली मूळ बाजूच्या नक्षीचे चिरडलेले अवशेष भिंगातून दिसतात, तर खऱ्या लाखीत तिथे दुसऱ्या कोणत्याही नक्षीचा मागमूस नसतो. सरकलेल्या छापेच्या नाण्यात साल आणि टाकसाळीची खूण शाबूत असेल तर किंमत वाढते, कारण मगच ते नाणे कोणत्या वर्षाचे आणि कुठले हे सांगता येते. प्रजासत्ताकाच्या नाण्यांवर दोन्ही बाजू एकाच दिशेने उभ्या असतात. नाणे डावी-उजवीकडून उलटले तर मागची बाजू सरळ दिसली पाहिजे, आणि ती लक्षणीय तिरकी दिसली तर ठसा फिरला होता असे समजावे.

दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्यांत मधली पांढरी चकती नसलेली कडी विकायला येतात. छाप मारतानाच ती चकती नसेल, तर दाबाने पिवळ्या कड्याचा धातू भोकात पसरलेला असतो आणि आतली कड वेडीवाकडी दिसते. हातोडीने मागाहून पाडलेल्या भोकाची कड स्वच्छ असते. कड्यावर पंधरा पाकळ्यांसारख्या रेषा की दहा, रुपयाचे चिन्ह आहे की नाही, हे भेद मात्र चूक नव्हेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच तोवर निघालेली चौदाही रूपे वैध असल्याचे स्पष्ट केले आहे.

वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, अशा जाहिरातींवर विश्वास ठेवून कोणालाही आगाऊ ‘कमिशन’ देऊ नये. रिझर्व्ह बँक जुनी नाणी विकत घेत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही, असा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. खरी किंमत पाहायची असेल तर लिलावांत तसे नाणे प्रत्यक्ष कितीला गेले ते पाहावे. मागितलेली किंमत ही किंमत नव्हे.

नाणे खरे ठरले की ते चिंच, राख किंवा पितांबरीने घासू नये, फक्त कडेने धरावे आणि पीव्हीसी हे प्लास्टिक नसलेल्या पाकिटात ठेवावे. पाकिटावर साल, टाकसाळ, वजन, कोठून मिळाले आणि कोणत्या टप्प्यावरची चूक आहे, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे.