कड खाल्लेलं नाणं: टांकसाळीची चूक की कानशीची करामत?

नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात कुणी फडक्यावर जुनी नाणी पसरली की त्यात एखादं वेडंवाकडं नाणं असतंच, आणि विकणारा ‘भाऊ, मिंटची (टांकसाळीची) चूक आहे, लाखात एक’ म्हणतोच. बहुतेक वेळा ती चूक मिंटची नसते. हातोडीची, रुळाची, कानशीची किंवा ॲसिडची असते. एक प्रश्न कायम विचारा: हा दोष नाणं बनताना नेमका कुठल्या टप्प्यावर आला? उत्तर देता येत नसेल तर पैसे खिशातच ठेवा.

दहापट भिंग, ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा आणि त्याच मालिकेचं एक धड नाणं जवळ ठेवा.

आधी वजन. २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅम, पाचाचं पितळी नाणं ६ ग्रॅम, दहाचं ७.७१ ग्रॅम. नाणं बारीक झालंय, सगळी अक्षरं सारखीच पुसट आहेत आणि वजनही घटलंय, तर ते ॲसिडात बुडवलेलं समजा. तांबडा किंवा सोनेरी रुपया वजनात बरोबर भरत असेल तर बहुधा वरून मुलामा चढवलाय.

मग फिरवून बघा. भारतीय नाणं वरच्या-खालच्या कडेला चिमटीत धरून डावीकडून उजवीकडे उलटलं की मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. तिरकी दिसली तर ठसा (छाप उमटवणारा साचा) फिरलेला, आणि हा दोष सहसा खरा असतो. दहाच्या दोन धातूंच्या नाण्यावर मात्र सावध राहा. मधली चकती आणि बाहेरची कडी यांवर छाप एकाच दाबात बसते, त्यामुळे फिरली तर दोन्ही मिळून फिरते. फक्त मधला भाग तिरका असेल तर तो कुणीतरी ठोकून काढून परत बसवलाय.

उलटी, खोल छाप दिसली तर तिच्याखाली बघा. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं तेव्हा पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याची आरशातली प्रतिमा उमटते, हेच ब्रोकेज. त्या बाजूला मूळ छाप नसते, कारण ती कधी पडलेलीच नसते. चपटलेल्या सिंहांवर उलटे आकडे दिसले, तर ती दोन नाणी शिकंज्यात दाबल्याची खूण.

मला सगळ्यात जास्त छळलं ते कड खाल्लेल्या नाण्यांनी. इथेच सगळ्यात वाईट सल्ले मिळतात, आणि त्यातला पहिला म्हणजे ‘वजन कमी भरलं की अस्सल’. अहो, कानशीनं घासलं तरी वजन कमीच भरणार! इथे काटा बाजूला ठेवा.

धातूच्या पट्टीतून चकत्या कापतात, लाटलेल्या पोळीतून वाटीनं पुऱ्या कापाव्यात तशा. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर नवा काप आधीच्या भोकावर चढतो आणि चकतीला चंद्रकोरीसारखी खोक पडते. म्हणून त्या खोकेची गोलाई साधारण त्याच नाण्याच्या गोलाईची असते. धड नाणं खोकेत टेकवून बघा. ते चपखल बसायला हवं. पट्टीच्या टोकाला कापलेली चकती सरळ रेषेत तुटते, त्यामुळे सरळ काप दिसला म्हणून लगेच खोटं ठरवू नका.

खोक छापेच्या आधीची असल्यानं दाब पडल्यावर धातू त्या रिकाम्या जागेकडे सरकतो. भिंगातून काठाजवळची अक्षरं बघा: ती खोकेकडे ओढल्यासारखी, पसरट, पुसट होत गेलेली दिसतील आणि कापाची धार किंचित फुगीर असेल. कानशीच्या कामात अक्षर धारदार, अर्ध्यात छाटलेलं असतं आणि कडेवर समांतर ओरखडे असतात. कुणी पॉलिश करून ओरखडे घालवतं, पण छाटलेलं अक्षर परत पसरवता येत नाही.

आता खोकेच्या बरोबर समोरची कड बघा. छापेआधी चकतीची कड उचलण्यासाठी ती दाबून फिरवतात. खोक असलेल्या जागी दाब मिळत नाही, म्हणून समोरच्या बाजूलाही कड कमी उचलली जाते आणि तिथली किनार पुसट राहते. ही खूण घरी बनवायला अवघड, म्हणून मी तिला सगळ्यात जास्त मानतो. पण नुसती ती नाही म्हणून नाणं फेकू नका. काही खऱ्या नाण्यांतही ती स्पष्ट नसते. तेव्हा अक्षरांचा ओढा निर्णायक.

आणखी एक. नागपूरकर भोसल्यांच्या काळातले रुपये ‘ऑफ सेंटर एरर’ (छाप मधोमध न पडल्याची चूक) म्हणून विकणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. ती नाणी हातानं ठोकलेली. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे अर्धा मजकूर बाहेर जाणं हीच तिथली रीत.

हे सगळं होईपर्यंत नाणं चिंच-लिंबानं घासू नका. घासलेल्या नाण्यावर धातूचा प्रवाह वाचता येत नाही आणि जाणकार गिऱ्हाईकही ते हातात धरत नाही.