पाणीपुरवठा थांबल्यावर टाकीतले पाणी कुठे जाते? सोसायट्यांनी या चुका टाळाव्यात

मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आणि तानसाचे १८९२ मध्ये मिळू लागले. इतक्या जुन्या जलव्यवस्थेच्या शहरात आजही बहुतेक इमारतींना पाणी दिवसातून ठरावीक तासच मिळते. पुरवठा थांबला की वाहिनीतला दाब ओसरतो, आणि सखल भागात कोणी पाणी काढत राहिल्यास वाहिनीत पोकळी निर्माण होऊन आपल्या टाकीतले पाणी, किंवा फुटक्या जोडातून गटाराचे सांडपाणी, आत ओढले जाते. तरीही सोसायट्या तपासणी करतात ती नळाला जोरात पाणी असताना, जेव्हा हा दोष दिसणे शक्यच नसते.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवला म्हणून निर्धास्त राहणे ही दुसरी चूक. झडपेत गंजाचा पापुद्रा अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही. म्हणून पुरवठा संपल्यावर पंप बंद ठेवून तळटाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि तासाभराने पाहावे. पातळी उतरली असेल, तर टाकी पुन्हा भरल्यावर महापालिकेच्या जोडणीचा स्टॉपकॉक बंद करून हीच चाचणी करावी. आता पातळी स्थिर राहिली, तर पाणी वाहिनीत परत जात होते. तरीही उतरली, तर टाकीच गळते आहे. उतरणारी पातळी नेमकी आत येणाऱ्या पाइपच्या तोंडाशी थांबली, तर पाइप पाण्यात बुडालेला असल्याची ती खूणच समजावी. टाकी भरताना आवाज होऊ नये म्हणून काही प्लंबर तो मुद्दाम खाली वाढवतात. त्याचे तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा त्याच्या व्यासाच्या किमान दुप्पट उंचीवर हवे. ही मोकळी जागा कोणत्याही झडपेपेक्षा भरवशाची, कारण तिच्यात बिघडण्यासारखे काही नाही.

ओव्हरफ्लोचा पाइप थेट गटारात सोडू नये. बोअरवेलची आणि पिण्याच्या पाण्याची वाहिनी केवळ एका व्हॉल्व्हच्या भरवशावर जोडू नये. महापालिकेच्या वाहिनीला थेट पंप लावणे तर शेजाऱ्यांच्याही जिवाशी खेळणे आहे.

पाणी आल्यावर पहिल्या काही मिनिटांत टाकीच्या तोंडाशी आणि घरातल्या नळाशी ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीन वापरून पाण्यातला क्लोरीन तपासणे) करावी. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक १०५०० नुसार मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवे. तोंडाशी क्लोरीन असून घरात नसेल, तर दोष इमारतीतच शोधावा. तोंडाशीच नसेल, तर वेळ नोंदवून विभाग कार्यालयात त्याच दिवशी तक्रार द्यावी आणि तोवर पाणी उकळूनच प्यावे.