सॅम्पल कापण्याआधी

लहानपणापासून तबला शिकलेली असल्यामुळे हिप-हॉपची बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारं संगीत, बनवणं आपल्याला लवकर जमेल, अशी माझी खात्री होती. पहिल्या प्रयत्नात एका जॅझ रेकॉर्डमधले पियानोचे चार बार (एका बारात चार मात्रा) सॅम्पल म्हणून, म्हणजे वापरायचा तुकडा म्हणून उचलले, त्याखाली ड्रम्स घातले आणि मैत्रिणीला ऐकवलं. ती म्हणाली, "छान आहे, पण यात तू कुठे आहेस?" त्या प्रश्नाने मी पुन्हा ऐकायला बसले. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी सॉफ्टवेअरच्या आधी तेच करावं, असं मला मनापासून वाटतं.

निर्माता पीट रॉकने रॅपर नाससाठी केलेलं 'द वर्ल्ड इज युअर्स' (१९९४) घ्या. त्यातला पियानो जॅझ पियानोवादक अहमद जमालच्या 'आय लव्ह म्युझिक'मधला, १९७० च्या 'द अवेकनिंग' या अल्बममधला. आधी मूळ वादन संपूर्ण ऐका, हातात काहीही न घेता. जमालच्या वादनात ती ओळ येते आणि पुढे निघून जाते. पीट रॉकला तिथे थांबावंसं वाटलं. ती ओळ पुन्हा पुन्हा फिरू लागली की तिचा अर्थच बदलतो. आपल्याकडे लेहरा (तबल्याच्या साथीची ठरावीक सुरावट) फिरत राहतो आणि त्यावर तबलजी बोलतो, तसा इथे पियानोवर रॅपर बोलतो.

दुसरा धडा मला ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या रॅप गटाच्या 'इलेक्ट्रिक रिलॅक्सेशन'ने (१९९३) दिला. ऑर्गनवादक रॉनी फॉस्टरच्या 'मिस्टिक ब्रू'चा (१९७२) तुकडा त्यात आहे. मी हाताने मात्रा धरून ऐकत होते आणि सम चुकत होती. चार-चार बारांची सवय असलेल्या कानाला कळेना. शेवटी मोजलं तर लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, तीन बारांचा निघाला, म्हणजे एकतालासारख्या बारा मात्रा! रॅपच्या ओळी चाराच्या हिशोबाने चालतात, त्यामुळे दोन्हींची सम बारा बारांनी एकत्र येते. गाणं सतत तरंगत असल्यासारखं वाटतं ते यामुळेही. हे गाणं मात्रा मोजत ऐकाच. तबला येत असेल तर तुमच्याकडे मोठी शिदोरी आहे.

यंत्राबद्दल थोडंसंच. १९८७ साली आलेल्या एसपी-१२०० या सॅम्पल घेण्याच्या यंत्रामध्ये सगळे मिळून जेमतेम दहा सेकंदांचे आवाज मावायचे. म्हणून निर्माते मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या वेगाची रेकॉर्ड ४५ वर वाजवून सॅम्पल घ्यायचे आणि मग यंत्रात त्याचा पिच (पट्टी) खाली आणायचे. जागा वाचायची, आणि आवाजाला तो खरखरीत पोतही मिळायचा. आज लॅपटॉपवर जागेची अडचण नाही. तरी महिनाभर स्वतःला दहाच सेकंद द्या. मी दिले, तेव्हा कुठे माझं निवडणं सुधारलं. मग तुकडा कापा, क्रम बदला, वरचे सूर फिल्टरने झाकून नुसता बेस ठेवा.

आता हक्कांचं. बासरीवादक जेम्स न्यूटन वाजवताना बासरीत गातही असे. त्याच्या 'क्वायर'मधला सुमारे सहा सेकंदांचा, तीन स्वरांचा तुकडा बीस्टी बॉइज या रॅप गटाने 'पास द माइक'मध्ये वापरला. ध्वनिमुद्रणाची परवानगी त्यांनी रेकॉर्ड कंपनीकडून घेतली होती, रचनेची घेतली नव्हती. न्यूटन न्यायालयात गेला आणि हरला. कागदावरचे तीन स्वर एवढ्यापुरती रचना फारच थोडी ठरली, आणि त्याने आवाजात जे केलं होतं ते ध्वनिमुद्रणात मोडलं. मला हा निकाल आजही खुपतो, कारण त्या सहा सेकंदांचा जीव त्याच्या श्वासातच होता. तुमच्यासाठी व्यवहाराची गोष्ट अशी की ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि रचनेचा वेगळा. न्यूटन हरला म्हणून तुमचा तुकडाही सुटेल असं धरू नका. गाणं बाहेर काढण्यापूर्वी दोन्ही विचारा. माझं एक गाणं याच कारणाने मला मागे घ्यावं लागलं होतं.

तेव्हापासून मी एक वही ठेवते. कलाकार, अल्बम, वर्ष, कितव्या मिनिटाला काय घेतलं, आणि तिथे कोण वाजवत होतं. या शेवटच्या रकान्यामुळे मी पुढच्या रेकॉर्डपर्यंत पोहोचते.